डाव्या डोळ्यातला पांढरा ठिपका

माझ्या भावाने आखातातून आणलेला कॅमेरा मला वापरायला मिळेल असं घरात कोणाच्याच मनात नव्हतं, माझ्याही नाही. भाऊ परत जाताना तो कपाटात ठेवून गेला होता. पुढच्या सुट्टीत घेऊ, लग्नकार्यात उपयोगी पडेल, असा त्याचा बेत. पण डिचोलीच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या वस्तूंचं काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं. चपलांना बुरशी येते, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना येते. भिंगालाही येते, असं आमच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर म्हणाले. "हाताळत राहा, म्हणजे टिकेल." मला एवढं निमित्त पुरलं.

मी तेव्हा मराठी शाळेत शिकवत होते. लग्न झालं नव्हतं, होईलसं फारसं वाटतही नव्हतं. घरी आई आणि मी. शाळेत दिवसभर मराठी बोलायचं, घरी पाऊल टाकलं की आईशी कोंकणी. त्यात काही वेगळं आहे असं कधी जाणवलं नव्हतं. त्या वर्षांत मात्र रस्त्यावरचे लोक दोन्हींतली एक निवडा म्हणू लागले होते. सभा व्हायच्या, मोर्चे निघायचे, शाळा मधूनच बंद पडायची. शाळा बंद पडली की मी कॅमेरा पिशवीत घालून बाहेर पडायची.

शिकवणारं कोणी नव्हतं. कॅमेऱ्याबरोबर आलेली पुस्तिका जपानी आणि अरबीत होती. तिच्यातली चित्रं पाहून जे कळलं ते कळलं, बाकी फिल्म फुकट घालवून शिकले. कारापूरच्या वाटेवर काजूचा मोहर अगदी जवळून टिपायचा होता, पण कॅमेरा तेवढं जवळचं पाहीना. शाळेच्या प्रयोगशाळेतलं हातभिंग मागून आणलं आणि लेन्सपुढे धरून काढला. मोहर धूसर आला. त्याच्यावरची मुंगी मात्र इतकी स्पष्ट, की तिच्या पायांवरचे केस दिसत होते. आमोण्याला नदीवर खनिज भरणाऱ्या बार्जी उभ्या असत. तिथे संध्याकाळी कॅमेरा दगडावर ठेवून भिंगामागचा पडदा बराच वेळ उघडा ठेवला. पाणी दुधासारखं आलं, बार्ज जागच्या जागी, आणि धक्क्यावर ये-जा करणारी माणसं फोटोतून चक्क नाहीशी झाली. आई तो फोटो पाहून म्हणाली, "हांगा कोण ना? सगळीं खंय गेलीं?"

आईचा फोटो काढणं सगळ्यांत अवघड. तिच्या लहानपणी पोर्तुगीज काळात रेत्रात, म्हणजे फोटो, काढायचा तो जन्मातून एखादा, तोही श्वास रोखून. मी कॅमेरा उचलला की ती हातातलं काम टाकून भिंतीला पाठ लावून ताठ उभी राही. खोबरं खोवताना, तांदूळ निवडताना ती कशी दिसते हे मला हवं होतं, आणि ते ती कधीच देत नसे.

आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत सावंतवाडीकडचं एक कुटुंब भाड्याने राहत होतं. नवरा खनिजाचा टिपर चालवायचा, खाणीवरून आमोण्याच्या धक्क्यापर्यंत, दिवसभर त्याच फेऱ्या. धावत्या गाडीबरोबर कॅमेराही त्याच वेगाने फिरवायचा, मग गाडी स्थिर येते आणि मागची झाडं ओघळलेल्या रंगासारखी दिसतात, हे तंत्र मी त्याच्याच टिपरवर शिकले. बाजारवळणावर मी उभी दिसली की तो मुद्दाम गाडी हळू करी. मला ती वेगात हवी असे, आणि हे त्याला खुणेने सांगताना माझी धांदल उडे.

त्याची बायको माझ्याहून वयाने लहान, अंगाने बारीक, जिभेला तिखट. त्यांची एकुलती एक मुलगी चार वर्षांची होती. बाप कामावर गेला, आई विहिरीवर गेली, की ही सरळ आमच्या स्वयंपाकघरात. माझ्या आईने खोवलेल्या खोबऱ्यातला पहिला घास तिचा असे. कुठे ना कुठे आपटत असायची. चौकटीला खांदा, बाकाच्या कोपऱ्याला गुडघा. डाव्या हाताला ठेवलेलं पाण्याचं भांडं तर हमखास लवंडायचं. तिची आई ओरडे, "चलताना खय बघतंस गो?" आम्ही सगळे हसायचो. पोर धांदरट आहे, दुसरं काय.

त्या साली चतुर्थीच्या आधी भावाने कोणाबरोबर तरी फ्लॅश पाठवला. आमच्या घरात गणपतीच्या वर माटोळी बांधतात. रानातली फळं, पानं, आंब्याचे टाळे, नारळांच्या पेंडी. खोलीत अंधार, बाहेर पाऊस, त्यामुळे माटोळीचा फोटो आजवर कधी जमला नव्हता. फ्लॅश लावून तो आता काढता आला. मला इतका आनंद झाला की पुढे कितीतरी दिवस जे दिसेल त्यावर मी उजेड पाडत सुटले. मागच्या खोलीतलं कुटुंब चतुर्थीला आपल्या गावी गेलं होतं, ते परतलं, त्याच संध्याकाळी मुलगी आमच्या बाकावर नेवरी खात बसली होती. मी म्हटलं, "बाये, हांगा पळय!" तिने वर पाहिलं आणि मी बटण दाबलं.

रंगीत फिल्म त्या काळी आम्ही जपून वापरत असू. मग हात आखडला, आणि उरलेली संपायला दिवाळी उजाडली. मग म्हापशाला धुवायला पाठवली, ती परत यायला आणखी दिवस गेले. गावातल्या स्टुडिओत पाकीट उघडलं तेव्हा माटोळीचे फोटो पाहून मी तिथेच खूश झाले. मग मुलीचा फोटो हाती आला.

उजव्या डोळ्याची बाहुली लाल होती. फ्लॅशने डोळे लाल येतात हे त्याच पाकिटातल्या आधीच्या फोटोंवरून मला कळलं होतं. भटजींचे आले होते, मांजराचे हिरवे आले होते. पण हिच्या डाव्या डोळ्यात लाल नव्हतं. तिथे पांढरं होतं, चुन्याचं बोट लावल्यासारखं.

मी तो फोटो स्टुडिओवाल्याला दाखवला. तो पानाचा विडा गालात सारून म्हणाला, "धूळ असणार. छापताना पडते." मी निगेटिव्ह उजेडाकडे धरून पाहिली. डाग तिथेही होता. म्हणजे तो छपाईचा नव्हता. "मग तुमच्या फ्लॅशचा कोन चुकला," तो म्हणाला. हे मला पटलं, कारण मला पटवून घ्यायचं होतं. माझ्या हातून कोन नेहमीच चुकत असत.

तरी घरी आल्यावर चैन पडेना. मी नवी फिल्म घातली आणि मुलीला बोलावून बाकावर बसवलं. खिडकीच्या उजेडात काढला. फ्लॅश छताकडे वळवून काढला. समोरून काढला, एका बाजूने काढला, दुसऱ्या बाजूने काढला. तिला वर पाहायला लावलं, दाराकडे पाहायला लावलं. तिला तो खेळच वाटला. ती खिदळत होती. ही फिल्म मी संपायची वाट पाहिली नाही, उरलेली तशीच सोडून दुसऱ्याच दिवशी म्हापशाला स्वतः घेऊन गेले.

काही दिवसांनी मीच जाऊन फोटो घेतले. खिडकीच्या उजेडात काही दिसत नव्हतं. छताकडे फ्लॅश वळवलेल्या फोटोंतही नाही. पण जिथे जिथे उजेड सरळ डोळ्यात गेला होता तिथे तिथे एक बाहुली लाल आणि एक पांढरी. कोन बदलला होता, जागा बदलली होती, मान वळली होती. डोळा मात्र दर वेळी डावाच.

बसमध्ये ते फोटो मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा मला आठवलं की ती दर वेळी डाव्याच बाजूला आपटते.

त्या दुपारी मुलगी नेहमीप्रमाणे आमच्याकडे आली. तिची आईही मागून आली, दारात उभी राहून माझ्या आईशी गावच्या भाताबद्दल बोलू लागली. मी मुलीला जवळ घेतलं. "बाये, आपण एक खेळ खेळूया. मी एक डोळा झाकते, तू सांग माझ्या हातात काय आहे." आधी डावा झाकला. तिने लगेच सांगितलं, "चमचो!" मग उजवा झाकला. ती गप्प झाली. मान वळवली, माझ्या बोटांच्या फटीतून पाहायची धडपड केली, आणि मग दोन्ही हातांनी माझा तळवा ओरबाडून बाजूला सारला. रडायलाच लागली.

दारातलं बोलणं थांबलं होतं.

"बाई, काय केलात तिका?"

मी काही बोलायच्या आत तिने बाकावर पसरलेले फोटो पाहिले. एकेक उचलला. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. पोरीचा चेहरा आईइतका कोण ओळखतो? तिने पोरीला खेचून कडेवर घेतलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "माझा चेडू बरा होता. तुमच्या त्या उजेडान ह्या केलान."

मी म्हटलं, तसं होत नसतं. पण मला तरी कुठे ठाऊक होतं? लहान पोरीच्या डोळ्यांवर मी इतक्या जवळून, इतक्या वेळा तो लखलखाट पाडला होता. पुस्तिकेत काय लिहिलं होतं ते मला वाचताही येत नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "तू रागव माझ्यावर, पण आत्ता डॉक्टरांकडे चल."

ती आली. वाटेत पोरीला मी घेते म्हटलं तर दिली नाही.

डिचोलीचे डॉक्टर आमच्या घरातले सगळे आजार जाणणारे. त्यांनी टॉर्चने पाहिलं, मग खिडकी लावून पुन्हा पाहिलं. फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. मग मुलीच्या आईला म्हणाले, "जरा बाहेर बस हां, बाय," आणि मला थांबवून घेतलं. मी शिकलेली, म्हणून. ते म्हणाले की डोळ्याच्या आत काहीतरी आहे हे नक्की, पण काय ते इथे कळणार नाही. साधंही असू शकेल. पण लहान मुलांच्या डोळ्यात कधी कधी गाठ होते, ती अशीच पांढरी दिसते, आणि ती असली तर डोळा काढावा लागतो, नाहीतर मेंदूकडे जाते. "दिवस घालवू नका," ते म्हणाले. "पणजीला डोळ्यांचे मोठे डॉक्टर आहेत, मी चिठ्ठी देतो. परवाच्या दिवशी ते मुलांना बघतात."

बाहेर येऊन मी तिला सांगितलं, पणजीला जायचं आहे, तिथे नीट बघतील. तिने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "नीट बघतील." घरी आल्यावर आईने मला मोरीशी गाठलं. मी तिला सगळं सांगितलं, आणि म्हटलं की हे मुलीच्या आईला सांगणार नाही, उगाच तिचा जीव जाईल. आई पदराला हात पुसत म्हणाली, "तिका खरें सांग. आवय ती. तुका कळूं येता आनी तिका ना?"

मग मी मागच्या खोलीत जाऊन तिच्यासमोर बसले आणि डॉक्टर जे बोलले ते सगळं सांगितलं. गाठ हा शब्दही सांगितला. ती चुलीसमोर बसली होती. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "डोळो जावंदे. चेडू जगतला मा?"

"जगेल," मी म्हटलं. आता हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

नवरा आमोण्याकडे होता. त्या दिवसांत भाषेचं आंदोलन पेटलं होतं. कुठे झाडं तोडून रस्त्यावर आडवी टाकली होती, कुठे दगड. टिपरच्या गाड्या धक्क्याशी अडकून पडल्या होत्या, चालक गाडी टाकून येऊ शकत नव्हते. त्याला निरोप पाठवला, पण तो पोचला की नाही कळलं नाही. आणि आम्हाला जायचं त्या सकाळी एकही बस नव्हती. बाजार बंद, पाववाला पोदेरसुद्धा आला नाही.

भावाची स्कूटर घरात होती. मी ती शाळेपर्यंत चालवायची, फार तर मये तळ्यापर्यंत, फोटोंसाठी. पणजीला कधी नेली नव्हती. म्हापशाची वाट नक्की बंद असणार, म्हणून मये, चोडण करत फेरीबोटीने रायबंदरला उतरायचं ठरवलं. मुलगी माझ्या पुढ्यात उभी, तिची आई मागे. तिने आधी सीटची कड धरली होती. पहिल्याच उतारावर तिने माझ्या कमरेला मिठी मारली, आणि मग ती शेवटपर्यंत सोडली नाही.

मयेच्या पुढे वळणावर रस्त्यात एक आकेशीचं झाड आडवं पडलेलं, आणि त्याच्यापाशी दहाबारा जण. तोंडं रात्रभर जागलेली. मी स्कूटर थांबवली. मुलीने हँडलवरच्या माझ्या हातावर आपला हात ठेवला.

"खंय वता?" एकाने विचारलं.

"पणजे. ह्या भुरग्याचो दोळो दाखोवंक," मी म्हटलं.

"आयज बंद म्हूण खबर ना?"

मागून मुलीच्या आईचा आवाज आला. तिची मालवणी, त्यांची कोंकणी. "दादा, आमका भांडान नको. ह्या चेडवाच्या डोळ्यात गाठ आसा म्हणतत." एवढं बोलून ती स्कूटरवरून उतरली आणि मुलीला उचलून त्यांच्यापुढे उभी राहिली.

त्यांच्यातला एक थोराड माणूस पुढे आला. त्याने मुलीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, जणू त्याला काही दिसणारच होतं. मग मागे वळून कोणाला तरी हाक मारली. चौघांनी झाडाचा शेंडा उचलून धरला, स्कूटर जाईल एवढी वाट झाली. पलीकडे गेल्यावर तो माणूस म्हणाला, "फुडें चोडणां आनीक एक आसा. तांकां सांग, आमी सोडल्यांत म्हूण." ते कुठल्या बाजूचे होते, मराठीचे की कोंकणीचे, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पुढच्या ठिकाणी आम्हाला कोणी अडवलंच नाही.

फेरीबोट चालू होती, हे आमचं नशीब. बोटीवर माणसं थोडी, गाड्या नाहीतच. मांडवीवर ऊन पडलं होतं. खारफुटीवर बगळे बसले होते, आणि एरवी मी कॅमेऱ्याची पिशवी उघडलीच असती. त्या दिवशी कॅमेरा घरी होता. मुलगी कठड्याच्या सळ्यांतून पाणी बघत होती. मी तिच्या डाव्या बाजूला उभी होते, तिला मी तिथे आहे हे माहीत नव्हतं. एकदा तिने "बाई खय?" असं आईला विचारलंसुद्धा.

पणजीचे डॉक्टर वयस्क होते, बारीक आवाजाचे. त्यांनी मुलीच्या डोळ्यात थेंब घातले आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो. मग अंधाऱ्या खोलीत नेलं. मी दाराशी उभी होते, मुलीची आई तिला मांडीवर घेऊन. ते यंत्रातून पाहत, थांबत, पुन्हा पाहत. मुलगी एकदाही रडली नाही. मला एवढंच ऐकू येत होतं, "वयर पळय, बाय. आतां सकयल. शाबास."

मग त्यांनी दिवा लावला आणि खुर्ची मागे सारली. त्यांच्या चेहऱ्यावर काही वाचता येत नव्हतं. त्यांनी थेट मुलीच्या आईकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

"गांठ न्हय," ते म्हणाले.

ती तशीच बसून राहिली. तिला वाटलं असावं की पुढे अजून काही आहे.

"मोतीबिंदू. जल्मा सावन आसतलो. ल्हान आसलो, आतां वाडला. म्हाताऱ्यांकच जाता अशें ना, भुरग्यांकय जाता."

"मगे डोळो काढूचो लागाचो नाय?"

"ना गे. मोतीबिंदू काडपाचो. दोळो थंयच उरतलो."

मी भिंतीला टेकले. मला हसू यायला लागलं, दवाखान्यात, अगदी वेड्यासारखं. तिने मात्र आणखी एक प्रश्न विचारला. तो तिने घरापासून आणला होता.

"डॉक्टर, ह्या बाईंनी फोटो काढले, उजेड पाडून. त्याच्यान झाला नाय मा?"

डॉक्टरांनी माझ्या हातातले फोटो घेतले, दिव्याखाली धरले, आणि पहिल्यांदाच थोडे हसले. "आवय, उजवाडान कांय जावंक ना. उजवाडान फकत दाखयलें. हो फोटो नासलो जाल्यार हें भुरगें शाळेंत वता मेरेन कोणाक कळचें नासलें. मागीर उपेग जावंचो नासलो." शाळेत जायच्या वयात कळलं असतं तर उशीर झाला असता, कारण लहान वयात डोळा वापरलाच नाही तर मेंदू त्याला विसरून जातो, असं त्यांनी मला नंतर समजावलं. अजून वेळ होता. थोडा, पण होता.

तिने माझ्याकडे पाहिलं. क्षमा वगैरे काही मागितली नाही, आणि मला ती नकोही होती. तिने मुलीला माझ्या हातात दिलं. "जरा धरा बाई," म्हणाली, आणि बाहेरच्या बाकावर जाऊन पदर तोंडाला लावून पोटभर रडली.

परतीच्या फेरीबोटीची वाट पाहताना मुलीच्या आईला भूक लागली. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं. रायबंदरच्या धक्क्यावर एक म्हातारी उकडलेले कणंग, म्हणजे रताळी, विकत होती, बंदच्या दिवशीसुद्धा. आम्ही तिघींनी ते सालीसकट खाल्ले. थेंबांमुळे मुलीला ऊन सोसत नव्हतं, तिने आईच्या पदराखाली डोकं घातलं होतं आणि तिथूनच हात बाहेर काढून अजून मागत होती.

घरी पोचलो तर नवरा दारात. निरोप पोचला होता. टिपर धक्क्यावर सोडून तो शेतांच्या बांधांवरून चालत आला होता, पाय गुडघ्यापर्यंत लाल. त्याला बायकोने लांबूनच ओरडून सांगितलं, "गाठ नाय! गाठ नाय हो!" त्याने ते ऐकलं आणि तो तिथेच पायरीवर बसला. माझ्या आईने त्याला पाणी दिलं, ते त्याने प्यायच्या ऐवजी तोंडावर मारून घेतलं.

ऑपरेशन नवीन वर्ष लागल्यावर झालं. तेव्हा रस्ते मोकळे होते. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की हा डोळा दुसऱ्याइतका होणार नाही, पण कामाचा होईल, आणि तो कसा होतो ते तुमच्यावर आहे. चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी बांधायची, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावं लागेल. जाड भिंगाचा चष्मा लावायचा. ऐकायला सोपं वाटलं. पण चार वर्षांच्या पोरीचा दिसणारा डोळा झाकून तिला न दिसणाऱ्या डोळ्याने वावरायला लावणं म्हणजे काय ते आम्ही दोन्ही घरांनी मिळून भोगलं. ती पट्टी ओढून काढी, चष्मा विहिरीकडे भिरकावी. तिची आई ओरडून थकली की माझी आई सुरू होई, ती थकली की मी. बाप कामावरून येऊन स्वतःच्या डोळ्यावर फडकं बांधून तिच्याबरोबर अंगणात आंधळी कोशिंबीर खेळे. शेवटी अबोलीने काम केलं. माझी आई परडीत अबोली घेऊन बसायची आणि म्हणायची, पट्टी बांधलीस तर वळेसार करायला, गजरा गुंफायला शिकवते. एकेक फूल हाताने चाचपत मुलगी ते गुंफायची, आधी सगळे वेडेवाकडे, देठ बाहेर, पाकळ्या आत.

तेव्हाच मला आईचा हवा होता तो फोटो मिळाला. मुलीच्या बोटांत दोरा अडकला होता, आई वाकून तो सोडवत होती, आणि मी खिडकीपाशी आहे हे दोघींच्याही गावी नव्हतं. फ्लॅश लावला नाही. फ्लॅशची मला भीती उरली नव्हती, पण तिथे त्याची गरज नव्हती. जनेलातून येणारा उजेड पुरेसा होता.

त्या उन्हाळ्यात गोवा वेगळं राज्य झालं. भाषेचं काय ते सरकारने आधीच ठरवून टाकलं होतं. त्यावर कोणी खूश होतं, कोणी नव्हतं, आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत तर दोन्ही प्रकारचे चेहरे एकाच टेबलाभोवती बसत. राज्य झाल्याच्या दिवशी मात्र डिचोलीच्या बाजारात फटाके वाजले, मिठाई वाटली. मी कॅमेरा घेऊन निघाले होते. मुलगी माझ्या हाताला धरून होती, उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्यावर जाड भिंग. आज पट्टी राहू दे, असं तिची आईच म्हणाली होती, पण मुलीने ती स्वतःहून बांधून घेतली. आता तिला तिचा अभिमान वाटायचा. पट्टी दुसऱ्या कोणाकडे नव्हती ना.

आम्ही बसस्टँडच्या कोपऱ्यावर उभ्या होतो. गर्दीमुळे मला पुढचं काही दिसत नव्हतं. अचानक तिने माझा हात ओढला आणि उतरणीच्या टोकाकडे बोट दाखवलं.

"साखळीची बस इली!" ती म्हणाली. "निळी!"

मी टाचा उंचावून पाहिलं. रस्त्याच्या पार टोकाला, धुळीत, एक निळा ठिपका वर येत होता.